सौरवीज वाढली की ग्रिड कोसळते?

सौरवीज वाढली की ग्रिड (विजेचे सामाईक जाळे) कोसळणारच, असे नाशकात एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरांड्यांकडे बोट दाखवून सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कुठे एखादा वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला, तर औष्णिक केंद्रातील मिनिटाला ३००० फेरे घेणारा अवजड रोटर (जनित्राचा फिरता भाग) आपल्या जडत्वाने ग्रिडच्या ५० हर्ट्झ वारंवारतेची घसरण, जी फार झाली तर ग्रिड कोसळते, मंदावतो, आणि सौर पॅनेलची वीज ग्रिडजोगी करणाऱ्या साध्या इन्व्हर्टरमध्ये असे फिरणारे काहीच नसते. मात्र बॅटरीला जोडलेला ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर, म्हणजे वारंवारता स्वतःच सांभाळणारा इन्व्हर्टर, हेच काम सेकंदाच्या अंशात करतो. शिवाय जुने जनित्र, योग्य बदल करून, कोळसा न जाळता ग्रिडच्याच विजेवर सिंक्रोनस कंडेन्सर म्हणून, म्हणजे वीजनिर्मिती न करता नुसते जडत्व पुरवणारे यंत्र म्हणून, फिरवत ठेवता येते. आणि ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारत अंधारात बुडाला, तेव्हा ग्रिडमध्ये सौरवीज नगण्यच होती. भार असह्य झाला होता तो पारेषण वाहिन्यांना.