दात गेला, इम्प्लांट करायचंय? ठरवण्याआधी हे वाचा

इम्प्लांटचा दात तीन भागांचा असतो. जबड्याच्या हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे नवं मूळ. तो साधारण ३.५ ते ५ मिलिमीटर जाड आणि ८ ते १३ मिलिमीटर लांब असतो. त्यावर अबटमेंट नावाचा जोडतुकडा येतो आणि सगळ्यात वर कॅप. आरशात फक्त कॅप दिसते, त्यामुळे बहुतेक प्रश्न तिच्याबद्दलच विचारले जातात: रंग कसा, झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकची) की धातूवर सिरॅमिक चढवलेली? पण हा दात किती वर्षं टिकणार, ते हाड आणि हिरडी ठरवतात. म्हणून या पत्रकात त्यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

टायटॅनियमच का? स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५०च्या दशकात प्रयोग करताना आढळलं की हाडात ठेवलेला टायटॅनियमचा भाग नंतर सुटून येत नाही, हाड त्याला थेट चिकटून वाढतं. १९६५मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. आजचा सगळा उपचार याच गुणावर उभा आहे.

दात काढल्यावर थांबायचं किती?

दात निघाला की त्या जागेवरचं हाड झिजू लागतं, आणि सर्वात वेगाने पहिल्या ३ महिन्यांत. वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. "दुखत नाही, मग बघू" म्हणत चार-पाच वर्षं गेली, तर इम्प्लांटला धरायला हाडच पुरत नाही आणि आधी हाड भरावं लागतं. त्याने उपचार ४ ते ६ महिन्यांनी लांबतो. वरच्या दाढांच्या जागी आणखी एक अडचण असते. तिथे हाडाच्या वर सायनसची पोकळी आहे आणि ती खाली उतरत येते. मग सायनसचा पडदा उचलून त्याखाली हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

दात काढण्याआधीच आम्हाला सांगितलंत तर उत्तम. पू नसेल आणि मुळाभोवतीच्या हाडाच्या भिंती शाबूत असतील, तर काही जणांना त्याच बैठकीत इम्प्लांट बसवता येतो. सगळ्यांना नाही.

आधी काय तपासतो

साध्या एक्स-रेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. म्हणून जबड्याचा त्रिमितीय सीबीसीटी स्कॅन करतो. त्यावर मोजमापं घेतो: शेजारच्या दातापासून किमान १.५ मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये ३ मिलिमीटर आणि खालच्या जबड्यातल्या नसेपासून किमान २ मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. ही नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधीकधी कायमची. इथे आम्ही अजिबात तडजोड करत नाही. हाड कमी असेल तर आखूड इम्प्लांट घेतो किंवा नाही म्हणतो.

मधुमेह असला तरी इम्प्लांट होतो, पण साखर ताब्यात हवी. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ७ टक्क्यांच्या आसपास असावं, ८च्या वर असेल तर आम्ही तारीख पुढे ढकलतो. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील किंवा पूर्वी घेतली असतील, विशेषतः इंजेक्शनं, तर ते आवर्जून सांगा. या औषधांमुळे जबड्याची जखम भरत नाही असं क्वचित घडतं. जबड्याला रेडिएशन दिलं असेल तर तेही सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी आम्ही बोलू. वाढीच्या वयातल्या मुलांना इम्प्लांट करत नाही, कारण जबडा वाढतो आणि इम्प्लांट जागचा हलत नाही. हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो बरा करायचा. त्याच तोंडात त्याच जंतूंच्या शेजारी नवं मूळ बसवण्यात अर्थ नाही.

सिगारेट आणि तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. निदान आठवडाभर आधी आणि शस्त्रक्रियेनंतर दोन महिने पूर्ण बंद हवं. कायमचं सोडलंत तर त्याहून चांगलं.

शस्त्रक्रियेचा दिवस

एका इम्प्लांटला बहुधा तासाभराहून कमी वेळ लागतो. जागा बधिर करतो, त्यामुळे दाब आणि कंप जाणवतो, दुखत नाही. बारीक ड्रिलपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने भोक रुंद करतो आणि सतत थंड सलाइन सोडत राहतो, कारण हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी मरू शकतं आणि मेलेलं हाड इम्प्लांटला धरत नाही. मग इम्प्लांट मोजून ताकद लावत आवळतो, वर झाकण बसवतो आणि टाके घालतो.

पहिले २४ तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, नाहीतर जखमेवरची रक्ताची गुठळी निघते. बर्फाची पिशवी गालावर १० मिनिटं ठेवा, १० मिनिटं काढा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग ओसरते. टाके ७ ते १० दिवसांत काढतो. बधिरपणा दुसऱ्या दिवशी सकाळीही गेला नसेल, रक्त थांबत नसेल किंवा चौथ्या दिवसापासून सूज उलट वाढू लागली, तर लगेच फोन करा.

मधले महिने

कॅप बसवण्याआधी खालच्या जबड्यात साधारण २ ते ३ महिने, वरच्यात ३ ते ६ महिने थांबायचं. वरचं हाड जास्त भुसभुशीत असतं. पहिल्या दिवशी इम्प्लांट घट्ट वाटतो तो निव्वळ आवळल्यामुळे. पुढच्या २ ते ४ आठवड्यांत आजूबाजूचं जुनं हाड विरघळतं, नवं अजून तयार झालेलं नसतं आणि पकड सर्वात सैल असते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, म्हणून लोक त्या बाजूने चावायला लागतात. तसं करू नका. या काळात इम्प्लांट हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात आणि इम्प्लांट काढावाच लागतो. सुदैवाने जागा भरल्यावर बहुतेकदा पुन्हा प्रयत्न करता येतो.

कॅप बसल्यावर

खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची बारीक गादी असते. दात किंचित दबतो आणि जास्त जोर पडला की तुम्हाला कळतं. इम्प्लांटला ही गादी नाही. म्हणून चावताना कॅप हलकीच टेकेल अशी आम्ही ती घासून बसवतो. रात्री दात खात असाल तर नाइटगार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण, लागतोच.

कॅप हलायला लागली तर घाबरू नका. बहुतेक वेळा इम्प्लांट घट्ट असतो, आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो, आणि तो पुन्हा आवळता येतो. पण तसंच चावत राहिलात तर स्क्रू तुटतो आणि तुटका तुकडा काढणं फार किचकट काम आहे. शक्य तिथे आम्ही सिमेंटऐवजी स्क्रूने बसणारी कॅप देतो: ती काढता येते आणि हिरडीखाली सिमेंट अडकून सूज येण्याचा प्रश्न राहत नाही.

इम्प्लांट किडत नाही, पण त्याभोवतीचं हाड जंतूंनी झिजू शकतं, आणि हे बहुधा न दुखता होतं. ब्रश करताना रक्त येणं, हिरडी लाल किंवा सुजलेली असणं, दाबल्यावर पू येणं यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. नुसती हिरडी सुजली असेल तर ती सफाईने पूर्ववत होते. हाड गेल्यावर ते परत मिळवणं अवघड असतं. रोज दोनदा मऊ ब्रश आणि रात्री दातांमधल्या फटीत घालायचा बारीक इंटरडेंटल ब्रश, तोही प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा. कोणत्या मापाचा घ्यायचा ते आम्ही फटीत घालून दाखवू. सुरुवातीला दर ६ महिन्यांनी तपासणी, हिरड्यांचा आजार होऊन गेला असेल तर दर ३ ते ४ महिन्यांनी.

इम्प्लांट प्रत्येकालाच हवा असं नाही. शेजारच्या दोन्ही दातांना कॅपची गरज आहेच, तर ब्रिज, म्हणजे शेजारचे दात घासून त्यांच्या कॅपना जोडलेला मधला दात, सरळ आणि लवकर होतो. ते दात निरोगी असतील तर मात्र त्यांना घासायला आमचं मन होत नाही. सगळेच दात गेले असतील तर प्रत्येक दाताला इम्प्लांट लागत नाही: खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळीसुद्धा चावण्यात मोठा फरक पाडते.

उपचार संपल्यावर तुम्हाला एक कार्ड देतो. त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट क्रमांक असतो. ते जपून ठेवा आणि त्याचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि ते फिरवायचे ड्रायव्हर वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्या गावी स्क्रू सैल झाला तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा हेच कार्ड लागेल.