बेसॉल्टच्या पाण्यातले कॅल्शियम

लातूर, बीड, जालन्याकडे बोअरचे पाणी ज्या पातेल्यात रोज तापते, त्याच्या तळाशी थोड्याच दिवसांत पांढरा, कडक थर धरतो. त्यावर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येऊन थर सुटू लागतो. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे असतात आणि थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो.

कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आहे. हंफ्री डेव्ही यांनी १८०८ मध्ये विजेच्या साहाय्याने हा चंदेरी धातू प्रथम वेगळा केला. मात्र हवा आणि पाण्याशी त्याची सहज अभिक्रिया होत असल्याने निसर्गात तो मूळ रूपात आढळत नाही. मराठवाड्याच्या बेसॉल्ट या काळ्या खडकातील फेल्स्पार खनिजांत तो विपुल आहे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना तेथील कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते, त्यामुळे किंचित आम्लधर्मी होते, खडक हळूहळू झिजवते आणि कॅल्शियम बायकार्बोनेट सोबत घेऊन विहिरीत किंवा बोअरमध्ये उतरते. तापवल्यावर तेच बायकार्बोनेट मोडते आणि पातेल्याला थर धरतो. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकांतील पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट बांधून ठेवते. चुनखडीच्या जमिनीत मोसंबीची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, त्यामागेही हाच चुना (कॅल्शियम कार्बोनेट) असतो. मातीत लोह असूनही तो ते मुळांना सहजी मिळू देत नाही.

एवढे सगळे पाहिल्यावर लोक जड पाण्यालाच मुतखड्याचे कारण मानतात आणि खडा झालेल्या माणसाचे दूधही बंद करतात. हा समज दूर व्हायला हवा, असे मला कळकळीने वाटते. बहुतेक खडे कॅल्शियम आणि ऑक्झलेट (अन्नातून येणारा एक क्षार) यांच्या संयुगाचे, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे, असतात हे खरे. परंतु जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते आणि ते शौचावाटे बाहेर पडते. कॅल्शियम तोडले, तर उलट अधिक ऑक्झलेट रक्तात आणि तेथून लघवीत उतरते. खड्याच्या रुग्णाने भरपूर पाणी पिणे अधिक महत्त्वाचे आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम ही इष्ट मर्यादा ठरवली असून दुसरा स्रोत नसल्यास २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा दिली आहे.

प्रौढाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत साठलेले असते. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि रक्त गोठणे अवलंबून असते; म्हणूनच आहारात तूट आली की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी राखते. प्रौढाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. आपल्या ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये ते जेमतेम २७ मिलिग्रॅम आहे, तर नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. आरओ यंत्र पाण्यातले बहुतांश कॅल्शियम काढून टाकते, त्यामुळे जारचे पाणी पिणाऱ्या घरांत दूध, दही, ताक यांचा वाटा मोठा ठरतो. तिळात कॅल्शियम भरपूर असले, तरी सालीतल्या ऑक्झलेटमुळे ते सगळे अंगी लागत नाही.