विहीर, गोठा, बांध: शेतातल्या सुधारणांचे मोल ठरवण्यामागची पार्श्वभूमी

धरण, महामार्ग किंवा औद्योगिक वसाहतीसाठी जमीन घ्यायची ठरली की संयुक्त मोजणीच्या वेळी एकाच शेतात अनेक खाती उतरतात. भूमी अभिलेखचा भूकरमापक हद्दी दाखवतो. घर आणि गोठ्याची मापे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जातात, फळझाडे कृषी विभागाकडे, तर साग-बाभळीसारखी लाकडाची झाडे वन खात्याकडे. जमिनीचा दर आसपासच्या खरेदीखतांवरून निघतो. जमिनीवर उभे असलेले सगळे मात्र ज्या त्या खात्याच्या हिशेबाने मोजले जाते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, भांडण एकरी दराचे आहे. मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याची प्रत हातात पडल्यावर शेतकरी ज्यावर बोट ठेवतो ते वेगळेच असते: पाइपलाइन धरलेली नाही, गोठा कच्चा दाखवलाय, बांधावरचे आंबे मोजलेच नाहीत.

या तक्रारींचे मूळ शोधायला जवळपास दोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि ते सापडते महसुलाच्या इतिहासात. शेतकऱ्याने जमिनीत जे घातले त्याकडे सरकारने आधी कर बसवण्याच्या नजरेने पाहिले, मोबदल्याच्या नजरेने फार उशिरा.

मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल मिळे. पहिली काही वर्षे सारा नाममात्र, मग इस्तावा म्हणजे दरवर्षी थोडा थोडा चढता सारा, आणि शेवटी पूर्ण दर. झाडोरा तोडून, दगड वेचून, ताली घालून जमीन उभी करायला वेळ लागतो, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते. पण ओलिताची जमीन मोटस्थळ, पाटस्थळ अशी वेगळी धरून तिचा सारा जास्त घेतला जाई. विहीर पाडणाऱ्याच्या कष्टाचा एक हिस्सा त्यामुळे सरकारात जात असे.

इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर सारा बसवायचा प्रयत्न केला. कागदावर पद्धत काटेकोर होती. प्रत्यक्षात सारा जड झाला आणि लोक जमिनी टाकून निघून गेले. त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी आणि प्रतबंदी केली. जमिनीचा कस, खोली आणि दोष पाहून आण्यांत प्रत लावायची आणि आकार, म्हणजे ठरलेला सारा, ३० वर्षे कायम ठेवायचा, ही त्यांची रीत. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पक्की झाली आणि मुंबई इलाख्यात पसरली.

त्यातून एक महत्त्वाचे तत्त्व पुढे आले. मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायदा क्रमांक १ ने स्पष्ट केले की, आकारणीच्या मुदतीत शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने आणि साधनांनी केलेल्या सुधारणांवरून फेरआकारणी वाढवायची नाही. १८७९ च्या जमीन महसूल संहितेत हेच तत्त्व आले. विहीर तुझी, तिचे पीक तुझे, त्यापायी सारा वाढणार नाही, असा हा शब्द होता. त्या काळाच्या मानाने तो उदार होता, आणि दख्खनच्या कोरड्या तालुक्यांत विहिरी खोदायचा धीर देण्यात त्याचा वाटा होता, असे मला वाटते.

पण याची दुसरी बाजू फारशी कोणी मांडत नाही. जे आकारणीत धरायचे नाही, ते नेमके मोजून, किंमत लावून नोंदवायची गरजही महसूल खात्याला उरली नाही. जमिनीची प्रत आण्यापर्यंत लिहिली गेली. पौळ, ताल, गोठा, खळे, धान्याचे पेव यांची किंमत कुठल्याच नोंदवहीत आली नाही. विहीर पाहणीपत्रकात आली, तीही पाण्याचे साधन म्हणून, बांधकाम म्हणून नाही. कर नको म्हणून जे वगळले ते पुढे मोबदल्याच्या वेळी पुराव्याअभावी अडले. आजच्या निम्म्या तक्रारी मी याच जागी जोडतो.

सुधारणांची कायद्यातली पहिली ठळक यादी कर्जाच्या निमित्ताने झाली. १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले, १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला, आणि १८८३ मध्ये जमीन सुधारणा कर्ज कायदा झाला. तगाई म्हणून गावोगाव ओळखले जाणारे कर्ज ते हेच. विहिरी, तळी, पाण्याचे पाट, निचरा, पुरापासून संरक्षण, जमीन साफ करणे, कुंपण घालणे अशी कामे त्यात मोडत होती. गोठा किंवा कोठार यांचा या यादीत नावाने उल्लेख नव्हता. जनावर सुरक्षित राहिले आणि कडबा भिजला नाही तरच शेत चालते, हे उघड असूनही इमारत सुधारणेच्या कल्पनेबाहेर राहिली.

१८९४ चा भूसंपादन कायदा आला तेव्हा जमीन या संज्ञेत जमिनीला कायम जोडलेल्या वस्तू धरल्या गेल्या. त्यामुळे घर, विहीर, झाडे यांचा मोबदला कायद्याने देय झाला. बाजारमूल्यावर सक्तीच्या संपादनाबद्दल १५ टक्के दिलासा रक्कम होती. ती १९८४ च्या दुरुस्तीने ३० टक्के झाली. अधिसूचना निघाल्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय केलेली सुधारणा धरायची नाही, असाही नियम होता. मोबदल्यासाठी रातोरात रोपे लावली जाऊ नयेत म्हणून तो योग्यच. पण अधिसूचना आणि निवाडा यांत वर्षे जात, आणि त्या काळात पडकी भिंत उभी करणाऱ्यालाही तोच नियम लागू पडे.

मोबदला कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न मुळशीत उघडा पडला. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे सेनापती बापटांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या सत्याग्रहात मावळ्यांना जमीनच हवी होती. त्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती आणि त्यांची तयारी पैसे घेण्याची होती. भाताची खाचरे पिढ्यान्‌पिढ्या बांधणारे एक आणि कागदावर मालक दुसरेच, अशा ठिकाणी सुधारणेचा मोबदला मालकाच्या खात्यात पडतो.

या गाठीला हात घातला तो कुळकायद्याने. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळे जमिनीची मालक मानली गेली. खरेदीची किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान ठरवायची होती. त्यात जमीनमालकाने बांधलेल्या इमारती, विहिरी, बांध आणि लावलेली झाडे यांची किंमत वेगळी मिळवायची होती. ‘मालकाने बांधलेल्या’ एवढ्या शब्दांना इथे फार वजन आहे. कुळाने स्वतः पाडलेल्या विहिरीचे पैसे कुळानेच मालकाला द्यावेत, हा अन्याय त्यामुळे टळला. या विषयातला इतका न्याय्य विचार मला दुसऱ्या कुठल्या कायद्यात दिसत नाही.

शेतातली इमारत खऱ्या अर्थाने कायद्यात आली ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत. अवजारे, खत, चारा आणि धान्य ठेवण्याची जागा, जनावरांचा निवारा, कुटुंबाचे किंवा गड्याचे घर, हे सगळे शेतघरात मोडते. सुधारणेच्या व्याख्येतही गावठाणाबाहेर शेतीच्या सोयीसाठी उभारलेली इमारत स्पष्टपणे आली. तात्पुरत्या विहिरी आणि शेतकरी नेहमीच्या कामात करतो ती किरकोळ बांधबंदिस्ती मात्र वगळली. कोणता बांध किरकोळ आणि कोणता कायमचा, हा वाद तिथून सुरू झाला. दोन फुटांची ताल दर पावसाळ्यानंतर डागडुजी मागते, म्हणून ती किरकोळ? तिच्याआड तीस वर्षांची माती साठलेली असते.

इमारतीचे मोल काढण्याची रीत बांधकाम खात्याकडून आली: आज तसेच बांधायला जिल्हा दरसूचीप्रमाणे किती लागेल ते काढा, आणि वयाप्रमाणे घसारा वजा करा. एक उदाहरण घेऊ. समजा, घर आणि गोठा आज बांधायला ५ लाख रुपये लागतात, आयुष्य ५० वर्षे धरले, बांधून ३० वर्षे झाली आणि अखेरचे मूल्य १० टक्के. घसारा ५४ टक्के होतो, उरतात २ लाख ३० हजार. पंधरा टक्क्यांच्या काळात हातात पडले असते २ लाख ६४ हजार ५००, तीस टक्क्यांच्या काळात २ लाख ९९ हजार. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने दिलासा रक्कम १०० टक्के झाली, तरी बेरीज ४ लाख ६० हजारच. गोठा जुना होता म्हणून त्यात गुरे कमी मावत नव्हती. नवा मात्र पूर्ण पैशातच बांधावा लागतो. जागतिक बँकेने सक्तीच्या पुनर्वसनाबाबत २००१ मध्ये स्वीकारलेल्या धोरणात घसारा धरू नये असे म्हटले होते, ते याच कारणाने.

माळवदाच्या घरांचे हाल आणखी वेगळे. दगड-मातीची भिंत, सागाच्या तुळया आणि पांढऱ्या मातीचे छत दरसूचीच्या नेमक्या रकान्यात बसत नाही; मग ते कच्चे बांधकाम ठरते.

विहिरीचे गणित सर्वांत गुंतागुंतीचे. व्यास, खोली, किती फूट माती-मुरूम, किती फूट पाषाण, बांधकाम दगडी की काँक्रीट कड्यांचे, यावरून खोदाई-बांधाईचा खर्च निघतो. पाणी या हिशेबात येत नाही. मे महिन्यात दोन पंप चालवणारी विहीर आणि फेब्रुवारीत तळ दाखवणारी विहीर, दोन्हींत पाषाण सारखाच लागला असेल तर किंमत सारखी. रस्त्यात विहिरीपुरते दोन-चार गुंठे गेले तर मागे राहिलेली बागायत जिरायत होते. तुटून पडणाऱ्या जमिनीच्या नुकसानीची तरतूद १८९४ च्या कायद्यातही होती, आजही आहे. पण तसा दावा वेळेत आणि पुराव्यासह मांडावा लागतो.

एकच गोष्ट दोनदा धरू नये, हे न्यायालयांनी हळूहळू बसवलेले तत्त्व. फळबागेची किंमत उत्पन्नावरून काढली असेल तर जमीन आणि झाडे वेगवेगळी मोजायची नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याची उलट बाजूही स्पष्ट केली: दर मोकळ्या शेतजमिनीच्या व्यवहारांवरून ठरवला असेल, तर झाडांची किंमत त्यात वेगळी मिळवलीच पाहिजे. निवाडा वाचताना दर कोणत्या जमिनीवरून काढला, हे आधी पाहायचे ते यासाठी.

२०१३ च्या कायद्याने इमारतींसाठी अभियंता आणि झाडे-पिकांसाठी त्या विषयातले अनुभवी लोक, अशी तज्ज्ञांची तरतूद केली. ग्रामीण भागात लागू होणारा गुणक मात्र जमिनीच्या बाजारमूल्यालाच लागतो. घर, विहीर, झाडे त्यानंतर मिळवली जातात आणि मग दिलासा रक्कम बसते. संपत्ती कराच्या काळापासून चालत आलेल्या नोंदणीकृत मूल्यांककांच्या वर्गांतही शेतजमीन एका वर्गात आणि इतर स्थावर दुसऱ्या वर्गात आहे. शेतातले घर दोन्हींच्या मधोमध पडते.

नोंदींचे काम आता थोडे पुढे सरकले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आलेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोटोसह नोंद करतो, बांधावरची झाडेही त्यात घालता येतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजून मिळकत पत्रिका देतात, पण ती योजना गावठाणाची. शेतात वस्ती करून राहणाऱ्याचे घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, असले तर असते, नाहीतर नसते.

दरम्यान शेतात उभे राहणारे सामानच बदलले आहे. शेडनेट आणि हरितगृहाचा सांगाडा नट-बोल्ट सोडवून हलवता येतो, म्हणून तो स्थावर की जंगम, असा वाद होतो. ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेता येतात, जमिनीखालची मुख्य वाहिनी नेता येत नाही. शेततळ्याची खोदाई पिढ्यान्‌पिढ्या टिकते, त्यातला प्लास्टिकचा कागद काही वर्षांत फाटतो. दोन्हींना एकच आयुष्य लावले की हिशेब चुकलाच. कांदाचाळीत पाया, लोखंडी सांगाडा आणि बांबूच्या पट्ट्या यांची वये तीन वेगवेगळी. अशा गोष्टींसाठी घटकवार आयुष्य धरून मोजणी व्हायला हवी, आणि बांधतानाची बिले, अनुदानाची मंजुरीपत्रे, तारखेसह फोटो हीच त्या मोजणीची कागदपत्रे ठरतात.