कण्हेर, रुई आणि डिजॉक्सिनची पाव मिलिग्रॅमची गोळी

पुण्यातील रस्त्यांच्या दुभाजकांवर कण्हेर मुद्दाम लावली जाते, कारण तिला पाणी कमी लागते आणि जनावरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, असते. वेताळ टेकडीच्या उतारांवर रुई न लावता वाढते, आणि तिच्या पानांच्या माळा शनिवारी मारुतीच्या देवळांबाहेर विकायला येतात. आयुर्वेदाने रुई आणि कण्हेर या दोहोंना उपविषांमध्ये गणले आहे, आणि आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ही गणना अचूक आहे. या तिन्ही वनस्पतींमध्ये हृदयावर काम करणारी स्टेरॉइड द्रव्ये असतात: कण्हेरीत ओलिअँड्रिन, बिट्टीत थिव्हेटिन, रुईत कॅलोट्रोपिन. ज्या डिजॉक्सिनची गोळी हृदयरोगतज्ज्ञ लिहून देतात, ते याच कुळातले आहे. फक्त ते युरोपातील फॉक्सग्लव्ह या फुलझाडाच्या एका जातीतून मिळते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दिली जाणारी स्टेरॉइडे मात्र वेगळी. त्यांच्याशी या द्रव्यांचे साम्य रेणूच्या सांगाड्यापुरतेच आहे.

ही सर्व द्रव्ये शरीरात एकाच ठिकाणी पकड घेतात. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात सोडियम-पोटॅशियम पंप नावाचे प्रथिन असते. पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्चून ते तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकते आणि दोन पोटॅशियम आयन आत घेते. डेन्मार्कमधील आरहूस येथे येन्स स्कू यांनी खेकड्याच्या पायातील चेतातंतूंवर काम करताना या पंपाचा शोध लावला. ते संशोधन १९५७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हृदयावर काम करणारी स्टेरॉइडे सोडियम-पोटॅशियमची ही वाहतूक रोखतात, हे हान्स शात्झमान यांनी तांबड्या रक्तपेशींवर १९५३ सालीच दाखवले होते.

पंप अडवल्याने हृदयाला बळ कसे मिळते, हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे. डिजॉक्सिन पंपाला बाहेरच्या बाजूने चिकटते आणि काही पंप थांबतात, त्यामुळे पेशीतले सोडियम थोडे वाढते. हृदयाच्या स्नायुपेशीत आणखी एक प्रथिन असते, जे बाहेरून तीन सोडियम आत घेऊन त्यांच्या बदल्यात एक कॅल्शियम बाहेर सोडते. आतच सोडियम वाढलेले असले की ही अदलाबदल मंदावते, कॅल्शियम पेशीत राहून तिथल्या साठ्यात जमा होते आणि पुढच्या ठोक्याला अधिक कॅल्शियम सुटून स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. याच्या जोडीला व्हेगस या चेतातंतूचा प्रभाव वाढतो आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारे विद्युत संदेश विलंबाने पोहोचतात. म्हणून अलिंदांचे, म्हणजे या वरच्या कप्प्यांचे, ठोके बेताल आणि अतिजलद झालेल्या रुग्णाची नाडी या औषधाने सावकाश होते. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या रुग्णांना हा परिणाम विशेष उपयोगी पडतो.

पण कॅल्शियमचा साठा प्रमाणाबाहेर भरला की तोच साठा अवेळी सांडू लागतो आणि हृदय नको तेव्हा ठोके टाकते. औषधी गुण आणि विषारी गुण येथे एकाच क्रियेतून येतात, त्यामुळे एक ठेवून दुसरा काढून टाकता येत नाही. रक्तातील डिजॉक्सिनची पातळी दर मिलिलिटरला साधारण ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम असावी, असे हृदयक्षीणतेच्या रुग्णांबाबत मानले जाते. ती २ च्या वर गेली की विषबाधेची शक्यता बरीच वाढते. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली फॉक्सग्लव्हवरील आपल्या ग्रंथात मळमळ, उलट्या, मंदावलेली नाडी आणि वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणे ही लक्षणे नोंदवून ठेवली होती. आजही डॉक्टर रुग्णाला याच खुणांविषयी विचारतात.

आपल्याकडे पाव मिलिग्रॅमची ही गोळी पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस घ्यायला सांगतात. गोळ्यांच्या डबीत शनिवार-रविवारचे कप्पे रिकामे ठेवलेले असतात आणि घरच्यांना ती विसरभोळेपणाची खूण वाटते. तसे नसते. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे धड असतानाही त्याची पातळी निम्मी व्हायला ३६ ते ४८ तास लागतात आणि ती थकली असतील तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणून चुकलेल्या गोळीची भरपाई दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊन कधीही करू नये. पंपावरील जागेसाठी पोटॅशियम आणि डिजॉक्सिन यांच्यात स्पर्धा असते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सूज उतरवण्यासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांमुळे किंवा जुलाबांमुळे पोटॅशियम घटले, की डिजॉक्सिनला मोकळे रान मिळते आणि नेहमीचा डोससुद्धा बाधू शकतो. रुग्णाला हे कारण नीट समजावून सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते, कारण रक्ततपासणी टाळण्याची सवय त्यातूनच लागते.

१९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ६,८०० रुग्णांच्या चाचणीत डिजॉक्सिनमुळे हृदयक्षीणतेच्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले नाहीत, मात्र रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले. त्यानंतर अधिक गुणकारी औषधे आली आणि डिजॉक्सिन मागच्या रांगेत गेले, ते योग्यच झाले.

झाडांची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण पानात किंवा बीमध्ये किती द्रव्य आहे हे पाहून सांगता येत नाही आणि उकळून काढा केल्याने ते नाहीसे होते असेही नाही. रुईच्या पानांवर वाढणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या ती पाने खुशाल खातात, म्हणून ती माणसालाही चालतील असे नाही. त्याच कुळातील मोनार्क फुलपाखराचा पंपच असा बदललेला आहे की ही द्रव्ये त्याला नीट चिकटत नाहीत. लहान मुले बिट्टीच्या बियांशी खेळतात, तेव्हा त्या तोंडात जाणार नाहीत याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे. तसे झालेच तर घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. मूल ठीक दिसत असले तरी त्याला लगेच रुग्णालयात न्यावे आणि त्या झाडाची डहाळी किंवा बी सोबत घ्यावी. तेथे ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम पाहिले जाते. अशा तीव्र विषबाधेत पंप बंद पडल्यामुळे रक्तातले पोटॅशियम उलट वाढलेले असू शकते. डिजॉक्सिनला धरून ठेवणारी, मेंढीच्या शरीरात तयार केलेली प्रतिपिंडे बिट्टीच्या विषावरही काम करतात, हे श्रीलंकेतील रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले आहे. हा उतारा महाग आहे आणि सगळीकडे हाताशी नसतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी रुग्णाला मॉनिटरवर ठेवून, नाडी वाढवणारे अ‍ॅट्रोपीन देऊन आणि गरज पडल्यास तात्पुरता पेसमेकर लावून उपचार करावे लागतात.