खेड्याचा शिरगणतीतला आकडा आणि बसचा रकाना: पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्याची माहिती शोधली की ठरावीक साच्यातली वाक्ये भेटतात: क्षेत्रफळ इतके हेक्टर, कुटुंबे इतकी, गावात बस येते, रेल्वे स्थानक १० किलोमीटरहून लांब. बहुतेक वेळा हा मजकूर २०११ च्या जनगणनेच्या ग्रामसूचीतून येतो. त्यात दोन तारखा मिसळलेल्या असतात. माणसे १ मार्च २०११ च्या हिशोबाने मोजलेली, तर सोयीसुविधा २००९ च्या.

जनगणनेतले गाव म्हणजे महसुली गाव, तलाठ्याच्या दप्तरात ज्याची स्वतंत्र हद्द असते ते. गटग्रामपंचायतीत अशी दोन-तीन गावे असू शकतात, त्यामुळे ग्रामपंचायतीचा आकडा आणि गावाचा आकडा जुळेलच असे नाही. कोकणातल्या वाड्या गावाच्या बेरजेत विरून जातात. उलट बेचिराख गावात एकही माणूस राहत नसला तरी शून्य लोकसंख्येसह त्याचे नाव यादीत टिकते.

साक्षरतेचा टक्का काढताना हमखास चूक होते. सहा वर्षांपर्यंतची मुले आधी वजा करायची असतात. समजा, लोकसंख्या १,२००, त्यात अशी मुले १५० आणि साक्षर ८४०. मग भागायचे १,०५० ने. उत्तर ८० टक्के येते. एकूण लोकसंख्येने भागले तर ७० येते आणि गाव उगाचच मागास दिसते.

त्याहून मोठा घोळ मोजणीच्या महिन्याचा. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या काळात माणूस जिथे राहत होता तिथे तो मोजला गेला. संपूर्ण काळ बाहेर असलेला घरी धरला जात नाही. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलात परततात. म्हणजे मोजणी ऐन गाळपात. नियमाने त्यांची नोंद कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर), म्हणजे दुसऱ्याच गावात व्हायला हवी. अशा गावाचा आकडा पावसाळ्यातल्या वस्तीचे मोजमाप म्हणून वापरू नये.

रस्त्यांची प्रतवारी याहून जुनी, १९४३ च्या नागपूर योजनेतली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड तेव्हापासूनची. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, खालचे दोन जिल्हा परिषदेकडे. गावाचा शेवटचा तुकडा बहुधा या खालच्या दोहोंपैकी असतो. खड्ड्यांचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की तो तिथेच पडून राहतो. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने महसुली गाव सोडून वस्ती हे एकक धरले: सपाटीवर ५०० लोकवस्ती, डोंगरी आणि आदिवासी भागात २५०, तीही २००१ च्या जनगणनेवरून. म्हणून एका गावातल्या एका वाडीला डांबरी रस्ता मिळतो, शेजारच्या लहान वाडीला नाही, आणि ग्रामसूची तरीही गावाला 'पक्का रस्ता आहे' म्हणते.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे खेड्यांचा तालुक्याशी दुवा मुख्यतः तिनेच जोडला. ग्रामसूचीत मात्र बसचा रकाना फक्त 'आहे' किंवा 'नाही' असा. मुक्कामाची गाडी एकच की दिवसाला सहा फेऱ्या, हे त्यात कळत नाही. पावसाळ्यात फरशीपुलावरून पाणी गेले की गाडी अलीकडच्या फाट्यावरून परत फिरते, तरी उत्तर 'आहे'च. सोय नसेल तर अंतराचे तीनच टप्पे: ५ किलोमीटरपेक्षा कमी, ५ ते १०, आणि १० हून जास्त. अकरा आणि चाळीस किलोमीटर एकाच खान्यात पडतात. वडाप आणि काळी-पिवळी अशा खाजगी प्रवासी गाड्यांवर चालणाऱ्या गावांच्या बाबतीत तर या नोंदीवर विसंबूच नये. फेऱ्या आगारातून आणि रस्त्याचा वर्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून तपासून घ्यावा.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामातच येते.