पहिला टॅटू काढताय? खुर्चीत बसण्याआधी हे वाचा

भीती वाटते आहे? साहजिक आहे. सुई लागणार आणि जे उमटेल ते कायमचं राहणार, म्हटल्यावर कुणीही बिचकेल. "खूप दुखतं का हो?" हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. तर हो, दुखतं. उन्हाने भाजलेल्या कातडीवर कुणी सतत नखं ओढतंय, साधारण तसं. सुरुवातीची काही मिनिटं जड जातात, मग अंग सरावतं. काम लांबलं तर शेवटी शेवटी पुन्हा नकोसं होतं.

जागेनुसारही फरक पडतो. दंडाची बाहेरची बाजू, कोपराखालचा हात, मांडी या सोप्या जागा. बरगड्या, घोटा, पावलाची वरची बाजू, काखेजवळचा भाग, गुडघ्यामागची लवण या अवघड. पहिल्याच वेळी बरगडी मागणाऱ्याला आम्ही एकदा सुचवून पाहतो की दंडापासून सुरुवात करा. त्याउपर तुमची मर्जी. मध्ये थांबावंसं वाटलं तर नुसतं "थांबा" म्हणा. दात-ओठ खाऊन सोसण्यात काही मर्दुमकी नाही. अंग ताठ झालं, हिसका बसला, की रेघ बिघडते. बधिर करणारं क्रीम हवं असेल तर आधी आम्हाला विचारा, घरून थापून येऊ नका. मोठ्या भागावर जास्त लावलं तर ते औषध रक्तात उतरून त्रास होऊ शकतो.

चित्र निवडताना

इथे मात्र वेळ घ्या. सुई कातडीच्या वरच्या थरातून खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. वरचा थर झडून नवा येत राहतो, म्हणून तिथे अडकलेला रंग काही आठवड्यांत निघून जातो. खालच्या थरात शरीराच्या संरक्षक पेशी रंगाचे कण गिळतात आणि तिथेच बसून राहतात. त्या मेल्या की सुटलेले कण नव्या पेशी गिळतात. टॅटू टिकतो तो यामुळे. पण कण जागचे अजिबात हलत नाहीत असं नाही. वर्षं सरतात तशी प्रत्येक रेघ किंचित जाड होते, कडा मऊ पडतात.

म्हणून मोबाइलच्या पडद्यावर सुंदर दिसणारं, नखाएवढ्या जागेत कोरलेलं चित्र आम्ही मोठं करायला सांगतो. जास्त पैसे काढायचा तो डाव नसतो. अक्षरांचं तर विचारूच नका. क, ब, ष यांच्या पोटातली जागा आधी बुजते आणि काही वर्षांनी ब कुठला, व कुठला ते ओळखू येत नाही. अक्षरं मोठी आणि सुटी घ्या. नाव लिहायचं असेल तर ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार घरच्या दोघातिघांकडून तपासून आणा. जी लिपी तुम्हाला वाचता येत नाही तिच्यात काही गोंदवून घेणार असाल, तर ती जाणणारा माणूस गाठा. इंटरनेटवरच्या चित्रावर विसंबू नका.

साध्या, ठळक रेघा मात्र पक्क्या निघतात. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात एका प्राचीन माणसाचं गोठलेलं शरीर सापडलं, त्याला ओट्झी म्हणतात. त्या शरीराला पाच हजारांहून जास्त वर्षं झाली. त्याच्या अंगावरच्या ६१ खुणा आजही ओळखता येतात. बहुतेक नुसत्या काळ्या रेघा. (बर्फाचाही त्यात वाटा आहे, मान्य.)

बोटांच्या कडा, तळहात, तळपाय इथे रंग लवकर फिका पडतो, ही तयारी ठेवूनच ती जागा निवडा. तिळावर आम्ही काम करत नाही; पुढे त्या तिळात काही बदल झाला तर रंगाखाली डॉक्टरांना तो दिसणार नाही. आणि "नाही आवडलं तर लेझर आहेच" असं मनात असेल तर अजून थांबा. लेझरच्या अनेक बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये काही आठवडे जावे लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात बरा निघतो, हिरवा आणि निळा चिवट. तारीख पुढे ढकलली म्हणून आम्ही कधी तोंड वाकडं करणार नाही.

आधी सांगून ठेवा

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, कातडीचा जुना आजार, जखमेवर जाड वण उठण्याची सवय, कशाची ॲलर्जी, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन: यातलं काहीही असेल तर सांगा, आणि आधी डॉक्टरांशी बोला. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात काम करत नाही, अठरा वर्षांखालच्यांचंही नाही. रंगांपैकी लाल रंगाची ॲलर्जी सर्वांत जास्त दिसते, म्हणून शंका असेल तर काळ्यावरच भागवा.

आमच्याकडे काय तपासाल

सगळं तपासा. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, शाई तुमच्यापुरती नव्या टोपणात ओतलेली पाहिजे आणि उरलेली टाकून दिली पाहिजे. हातमोजे नवे. मध्येच फोन उचलला तर मोजे बदलायला सांगा. पुन्हा वापरायची स्टीलची उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या १२१ अंश सेल्सिअस वाफेत किमान १५ मिनिटं ठेवावी लागतात. नुसत्या उकळत्या पाण्याने भागत नाही. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, एचआयव्ही हे दूषित सुईतून पसरू शकतात, त्यामुळे इथे भिडस्तपणा नको. असं विचारल्यावर कुणी चिडत असेल, तर तिथून उठून या.

त्या दिवशी

पुरेशी झोप, पोटभर जेवण, सैल कपडे. आदल्या दिवसापासून दारू नाही. केस आम्हीच काढू. स्टेन्सिल, म्हणजे चित्राचा कातडीवर उमटवलेला कच्चा छाप, लावल्यावर आरशासमोर ताठ उभं राहून, हात मोकळा सोडून बघा. बसल्यावर सरळ वाटणारं चित्र उभं राहिल्यावर तिरकं दिसतं. पुसून पुन्हा लावायला सांगताना संकोच करू नका.

घरी गेल्यावर

ताजा टॅटू ही जखम आहे, आणि ती सांभाळणं आता तुमच्या हातात. पट्टी कधी काढायची ते आम्ही चिकटवताना सांगू. मग हात धुऊन, कोमट पाणी आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने टॅटू धुवा, स्वच्छ टिश्यूने टिपा (घासू नका), आणि मलमाचा अगदी पातळ थर लावा. जाड थर दिला की ओल कोंडते. काही दिवसांनी खपल्या सुटतील आणि भयंकर खाज येईल. नखं आवरा. खपली ओढली की तिच्याबरोबर रंगही येतो. फार असह्य झालं तर आजूबाजूला हलकेच थोपटा. या काळात टॅटू मळकट, दुधाळ दिसतो. इथेच बऱ्याच जणांचा धीर सुटतो आणि "रंग गेला की काय" असे फोन येतात. गेलेला नसतो, वर नवी कातडी धरत असते.

दोन ते तीन आठवडे पोहणं, टबात बसणं बंद; आंघोळ चालेल. थेट ऊन टाळा. जखम पूर्ण भरल्यावर उन्हात जाताना एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन लावत चला, रंग फिका पडण्यामागे ऊन हे मोठं कारण आहे.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, थोडं पाणी येणं ठीक. लाली पसरत गेली, जागा गरम लागली, पू आला, लाल रेघा वर चढू लागल्या किंवा ताप भरला, तर आम्हाला फोटो पाठवत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

रक्तदान करत असाल तर पुढचे काही महिने थांबावं लागू शकतं, रक्तपेढीत विचारा. एमआरआय काढायची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञाला टॅटूबद्दल सांगा. क्वचित त्या जागी उष्णता जाणवते.

चार ते सहा आठवड्यांनी एकदा दाखवून जा. कुठे रेघ तुटली असेल, रंग बसला नसेल, तर तेव्हा भरून देऊ.