वळणावर लागणारा मासा

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ग्रेनाडा, एनिड, सार्डिस या पूरनियंत्रण जलाशयांवर वसंतात लहान होड्या दिसतात, ज्यांच्यातून सहा-सहा, आठ-आठ लांब काठ्या पाण्यावर रोखलेल्या असतात. गोड्या पाण्यातला क्रॅपी नावाचा मासा गरवण्याच्या या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरच्या ट्रॉलरशी तिचा संबंध नाही. येथे जाळे नसतेच, संथ चालत्या होडीबरोबर फक्त गळ ओढले जातात. 1957 साली एनिड येथे 2.35 किलोचा विक्रमी पांढरा क्रॅपी मिळाला होता, एरवी मासा बराच लहान असतो. एवढ्याशा माशासाठी आठ काठ्या हा हव्यास वाटेल, पण त्यांचे खरे काम मासा किती खोल आहे हे शोधण्याचे आहे.

क्रॅपी बहुधा थव्याने, तळापासून वर, मधल्या पाण्यात राहतो. उन्हाळ्यात खालच्या थंड थरातला प्राणवायू घटला की तो त्या थराच्या वरच थांबतो. त्याची नजर वर लागलेली असल्यामुळे डोक्यावरून जाणारे आमिष तो टिपतो, खालून गेलेले मात्र सहसा सोडून देतो.

गळाची खोली केवळ वजनावर ठरत नाही. पावणेदोन ग्रॅमचे शिसे गळाला खाली नेते, तर पाण्याचा रोध तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, मागे खेचून वर उचलतो. हा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने होडीचा वेग ताशी दीड किलोमीटरवरून दोनवर गेला, तरी रोध जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि गळ वर येतो. तंगूस जाड असेल, तर त्यामुळेही गळ वर येतो.

खरी गंमत वळणावर आहे. होडी डावीकडे वळली की डावीकडचे गळ मंदावून बुडतात आणि उजवीकडचे वेग घेऊन वर येतात. अशा वेळी डावीकडची काठी वाकली, तर मासे बहुधा खाली आहेत, किंवा त्यांना आमिष संथ हवे आहे. दोन्हींवर उपाय एकच, वेग कमी करणे.

काठी वाकल्यावर हिसका देऊन चालत नाही. क्रॅपीच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते आणि गळ ती फाडून निसटतो. तीन ते पाच मीटरची लवचीक काठी तो ताण स्वतः वाकून झेलते, म्हणून ती नुसती उचलून मासा हातजाळीत घ्यायचा. तेवढ्या वेळातही होडी थांबवायची नाही. ती थांबली, तर उरलेले सात गळ तळाशी जाऊन बुडालेल्या झाडांच्या खुंटांत अडकतात.